एकदाची वर्गणी की रोजची सावड?



२१ जून म्हटलं की आपल्या शाळांमध्ये योग दिनाची धावपळ असते. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला, व्हरांडा पावसाने ओला, चटया अपुऱ्या, आणि फोटो वेळेत ग्रुपवर टाकायचे असतात. याच तारखेला जगभर एएलएस नावाच्या आजाराचा जागृती दिवसही पाळला जातो, हे मला तीन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. ते कळलं चौथीच्या वर्गातल्या एका भांडणामुळे.

मधल्या सुट्टीत एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "तुझा बाप सकाळीच पिऊन असतो." ज्याला म्हटलं त्याने त्याच्या नाकावर बुक्की मारली. मी दोघांनाही ओरडले, माफी मागायला लावली आणि विषय मिटवला. पण खरं सांगायचं तर तो मुलगा जे म्हणाला ते गावातही बोललं जात होतं. टेम्पो चालवणारा माणूस, बोलताना जीभ जड, स्टँडवर उतरताना अडखळतो, हातातली किल्ली पडते. लोक दुसरं काय समजणार? त्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. अस्थिव्यंगतज्ज्ञ, मालीश, मानेचा पट्टा, देवऋषी अशा सगळ्या वाटा चालून झाल्यावर वर्षभराने मुंबईतल्या न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत आजाराचं नाव कळलं.

घरच्यांना विचारूनच एवढं लिहिते आहे. नाव लिहिणार नाही, पाडाही सांगणार नाही. वैशाखऱ्याच्या आसपासचं एक घर, एवढं पुरे.

पुढे गावाने तेच केलं जे आपली गावं नेहमी करतात. वर्गणी काढली. मंडळाची पोरं फिरली, बचत गटाने दिले, आम्ही शिक्षकांनी दिले. देवळासमोर पाकीट देण्याचा छोटा कार्यक्रम झाला. फोटो मीच काढला आणि ग्रुपवर मीच टाकला. सगळ्यांना बरं वाटलं. चार महिन्यांत ते पैसे मुंबईच्या फेऱ्यांच्या गाडीभाड्यात आणि तपासण्यांत संपले. त्यानंतर कोणी फिरकलं नाही, कारण "आपण दिलंय की" असं सगळ्यांच्या मनात होतं. माझ्याही होतं. आणि आजार तर तेव्हा कुठे सुरू झाला होता.

म्हणून हा लेख. अशा घराला गावाने मदत करायची ठरवली तर ती कशी असावी, याबद्दल. त्यासाठी आधी आजार थोडा समजून घ्यावा लागेल.

चौथीच्या मुलांना मी विजेच्या पाठातली भाषा वापरून सांगितलं. दिवा चांगला आहे, बटण चांगलं आहे, पण मधली तार झिजली तर दिवा लागेल का? आपला मेंदू हुकूम देतो. तो हुकूम मेंदूतून मणक्यातल्या मज्जारज्जूत आणि तिथून स्नायूपर्यंत नेणाऱ्या खास पेशी असतात. त्यांना मोटर न्यूरॉन म्हणतात, मराठीत प्रेरक चेतापेशी. एएलएसमध्ये या पेशी एकेक करून मरत जातात. हुकूम पोचला नाही की स्नायू काम करत नाही, आणि काम नसलेला स्नायू वाळतो. नावातही तेच आहे. 'अमायोट्रॉफिक' म्हणजे स्नायूचं पोषण थांबलेलं, 'लॅटरल' म्हणजे मज्जारज्जूच्या कडेचा भाग आणि 'स्क्लेरोसिस' म्हणजे तिथे आलेला कडकपणा. फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी १९व्या शतकात या आजाराचं वर्णन केलं. मोटर न्यूरॉन डिसीज किंवा एमएनडी हे नाव तुम्हाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसेल. रुग्णाच्या घरच्यांनी दोन्ही नावं लक्षात ठेवावीत.

कोणाची सुरुवात हातापासून होते, कोणाची पायापासून, कोणाची जिभेपासून. आमच्या या टेम्पोवाल्या दादांची जिभेपासून झाली, म्हणून दारूचा आळ आला. पुढे गिळणं अवघड होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. बहुतेकांच्या बाबतीत हा प्रवास दोन ते पाच वर्षांचा असतो. सुमारे दहा टक्के लोक दहा वर्षांहून जास्त जगतात. शंभरातल्या पाच-दहा जणांमध्येच तो घराण्यातून आलेला असतो. तो संसर्गाने पसरत नाही, हे गावात मोठ्याने सांगावं लागतं, कारण मुलं त्या घरी पाणी प्यायला घाबरतात.

आणि हे सगळं होत असताना डोळे दिसतात, कान ऐकतात, कातडीला स्पर्श कळतो, आणि बहुतेकांचं डोकं जागेवर असतं. काहींच्या विचारांत आणि वागण्यात फरक पडतो, तो आजाराचाच भाग असतो. पण सर्वसाधारणपणे खाटेवरच्या माणसाला आपण त्याच्यासमोर काय बोलतो ते सगळं कळत असतं. भेटायला जाणाऱ्यांनी एवढं तरी जपावं. पायाशी बसून "किती हाल, देवाने सोडवावं" असं म्हणणारे पाहुणे मी पाहिलेत.

औषध आहे का? रिलुझोल नावाची गोळी १९९५ पासून आहे. ती आजार थांबवत नाही, काही महिने पुढे ढकलते. एका विशिष्ट जनुकीय दोषामुळे होणाऱ्या थोड्या रुग्णांसाठी टोफरसेन नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आजार बरा करणारं काही आजच्या तारखेला नाही. हे वाक्य लिहायला जड जातं, पण ते स्पष्ट लिहायलाच हवं. कारण याच ठिकाणी घरं फसतात. 'स्टेम सेलने बरं करतो' अशी जाहिरात दिसते, शेत गहाण पडतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेल हा उपचार म्हणून विकता येत नाही, फक्त रीतसर संशोधन चाचणीतच देता येतो. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. वर्गणी काढणाऱ्यांनी हा प्रश्न पहिल्या बैठकीतच विचारावा: पैसे नक्की कशासाठी?

आता आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण घेऊ. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी सुमारे सोळा कोटी रुपये उभे केले होते, ते तुम्हाला आठवत असेल. तिला एसएमए होता. तोही याच चेतापेशींचा आजार, पण लहान मुलांना होणारा आणि जनुकीय. त्यावर एकदाच द्यायचं जनुकीय औषध निघालं आहे आणि ते परदेशातून आणावं लागतं. आईवडिलांनी सोशल मीडियावर आवाहन केलं, ओळख ना पाळख अशा माणसांनी शंभर-पाचशे पाठवले, आणि केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचा आयात कर आणि जीएसटी माफ केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला डोस मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका मुलीलाही लोकवर्गणीतूनच हे औषध मिळालं. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ती गेली. औषध लागू पडणं हे आपल्या हातात नसतं. पण दोन्ही वेळा लोकांपुढे एक आकडा होता, एक तारीख होती आणि एक इंजेक्शन होतं. पैसे जमले की काम संपणार होतं.

एएलएसचं तसं नाही. इथे आकडाही नाही आणि इंजेक्शनही नाही. आधी काठी लागते, मग वॉकर, मग चाकाची खुर्ची. मग वरखाली होणारी खाट, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून हवेची गादी. लाळ ओढायचं सक्शन मशीन. गिळता येईना की पोटातून नळी. रात्री श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन, आणि मुरबाडच्या पावसात वीज गेली की ते चालावं म्हणून इन्व्हर्टर. बायपॅप घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी मशीनचा भाव विचारला, इन्व्हर्टरचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आषाढात दोन रात्री लागोपाठ लाइट नव्हती.

आणि या सगळ्याच्या वर एक माणूस चोवीस तास लागतो. तो माणूस बहुतेक घरांत बायको असतो. म्हणजे कमावणारा खाटेवर आणि दुसरी कमावणारी खाटेपाशी. घराचा खरा खर्च तो आहे, आणि तो कुठल्याच बिलावर येत नाही.

जगात याच आजारासाठी झालेली सगळ्यांत मोठी वर्गणी म्हणजे २०१४ चं आइस बकेट चॅलेंज. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं, व्हिडिओ टाकायचा आणि पुढच्या तिघांना आव्हान द्यायचं. ते घराघरांत पोचवण्यात पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन या अमेरिकेतल्या दोन तरुण रुग्णांचा मोठा वाटा होता. दोघेही आता नाहीत. फेसबुकवर एक कोटी सत्तर लाखांवर व्हिडिओ आले, आणि अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला आठ आठवड्यांत साडेअकरा कोटी डॉलर मिळाले, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे सातशे कोटी रुपये. आपल्याकडे हैदराबादच्या मंजुलता कलानिधी या पत्रकार बाईंनी त्यावरून 'राइस बकेट' काढलं, पाणी सांडण्यापेक्षा बादलीभर तांदूळ गरजूला द्या म्हणून. मला तेव्हा तेच जास्त पटलं होतं. उन्हाळ्यात हंड्यासाठी रांग लावणाऱ्या मुरबाड-शहापुरात बादली ओतायची कल्पना कोणाला आवडणार?

पण नुसता पोरखेळ म्हणून ते सोडून देऊ नका. त्या पैशांचा सुमारे दोन-तृतीयांश भाग संशोधनाला गेला आणि पाचवा हिस्सा रुग्णसेवेला. २०१६ मध्ये एनईके१ नावाच्या जनुकाचा या आजाराशी संबंध सापडला, त्या संशोधनात हा पैसा होता. दुसऱ्या एका औषधालाही त्यातून मदत झाली. २०२२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण मोठ्या चाचणीत ते उपयोगी ठरलं नाही म्हणून २०२४ मध्ये कंपनीने मागे घेतलं. संशोधनाची वर्गणी अशीच असते. ती उद्याच्या रुग्णासाठी असते, आणि बऱ्याचदा वाया गेल्यासारखी दिसते. आपल्या गल्लीतल्या रुग्णासाठीची वर्गणी वेगळी, आणि दोन्हींची गल्लत करू नये.

आता गावाच्या पातळीवर काय करायचं ते सांगते. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला जे केलं, त्यात जे जमलं ते आणि जे चुकलं तेही.

पहिली चूक ही की आम्ही आधी वर्गणी काढली आणि हक्काचं नंतर बघितलं. उलट करायला हवं होतं. सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्रापासून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात एएलएस हे नाव वेगळं लिहिलेलं नाही, म्हणून खिडकीवरून माणूस परत येतो. चलनवलनाचं दिव्यांगत्व किंवा दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार या गटांत ते बसतं, हे आपल्याला माहीत असावं. अर्ज यूडीआयडीच्या पोर्टलवर भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. आणखी एक गोष्ट: हा आजार वाढत जाणारा आहे. आज टक्केवारी चाळीसच्या खाली आली तर हताश होऊ नका. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी मागा.

चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र हातात आलं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार आहे. २०२३ मध्ये हे अनुदान महिना दीड हजार झालं, आणि दिव्यांगांसाठी ते अडीच हजार करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. रक्कम छोटी वाटेल, पण ती दर महिन्याला येते, आणि या आजारात तेच मोलाचं. दुसरं, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारा, या वर्षीचा तो निधी कुठे खर्च झाला. आमच्या भागात हा प्रश्न विचारला की आधी शांतता पसरते, मग फाइल शोधली जाते. तिसरं, मुंबई-ठाण्यातल्या धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे एक लाख ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार. तिथल्या समाजसेवा विभागाला भेटायचं, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन. दाखला काढायला तलाठी कार्यालयात माणूस जातो, आणि त्या दिवशी रुग्णापाशी कोणी नसतं. इथे गावाचा एक तरुण मोटरसायकल घेऊन गेला तर ती हजार रुपयांची वर्गणीच आहे.

सामान विकत घेण्याआधी चौकशी करा. कल्याण, डोंबिवली, ठाण्यात रुग्णोपयोगी साहित्य नाममात्र भाड्याने देणाऱ्या संस्था आणि मंडळं आहेत. खुर्ची, खाट, वॉकर अशा वस्तू तिथून मिळतात आणि काम झाल्यावर परत जातात. मुंबईत आशा एक होप फाउंडेशन ही संस्था खास एमएनडी-एएलएसच्या रुग्णांसाठी काम करते. अशा ठिकाणी या वाटेने आधी गेलेली दुसरी घरं भेटतात. वहिनींना तिसऱ्या कोणाच्या नाही, पण अशाच एका बाईच्या फोनने धीर आला.

मग वर्गणी. पाकीट नको, कार्यक्रम नको. आम्ही चाळीस घरांना विचारलं, महिन्याला पन्नास रुपये वर्षभर द्याल का? चाळीस गुणिले पन्नास, दोन हजार. वर्षाचे चोवीस हजार. हे गणित मी मुलांकडूनच फळ्यावर करून घेतलं, पण वर्गणी मागायला मुलांना पाठवलं नाही, आणि पालकहो, तुम्हीही पाठवू देऊ नका. वर्गात 'कोणी किती आणले' अशी यादी तर मुळीच नको. ज्याच्या घरासाठी गोळा करतोय तो मुलगा त्याच बाकावर बसलेला असतो.

पैसे थेट वहिनींच्या बँक खात्यात. रोख कोणाच्याच खिशात नाही. जाहीर फलक लावून, पावत्या फाडून लोकांकडून गोळा करायचं असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणपती मंडळं ४१ क ची परवानगी घेतात ती हीच, म्हणून मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्याला विचारा, त्याला फॉर्म पाठ असतो. हिशेब दर महिन्याला दोन जणांच्या सहीने. फक्त तो कुठे दाखवायचा हे घराला विचारून ठरवा. औषधाची बिलं चव्हाट्यावर लावलेली कोणाला आवडतील? आमच्याकडे 'जमा इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी' एवढ्या तीन ओळी देणाऱ्यांना जातात. बिलं घरीच राहतात.

सहलीला मुलांना नाणेघाटात नेतो तेव्हा वरचा दगडी रांजण सगळे बघतात, जकातीचा म्हणून. गुहेतल्या भिंतीवरचा नागणिकेचा लेख मात्र घाईत राहून जातो. यज्ञात काय काय दान दिलं, किती गायी, किती नाणी, ते त्यात आकड्यांसह कोरलेलं आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. दिलेल्याचा हिशेब लिहून ठेवायची पद्धत आपल्या घाटात इतकी जुनी आहे. आमच्या मंडळाला तीन ओळी लिहायला तयार करताना मी हाच दाखला दिला. हसले, पण लिहायला लागले.

फोटोबद्दलही लिहिते, कारण ती माझी चूक होती. रुग्णाचा फोटो, आजाराचं वर्णन, खात्याचा क्यूआर कोड हे सगळं ग्रुपवर गेलं की ते कुठे थांबेल हे आपल्या हातात राहत नाही. कोणी क्यूआर बदलून पुढे पाठवू शकतं. आणि त्या मुलाला सातवीत, दहावीत गेल्यावरही बापाचा तो फोटो दिसत राहतो. आधी रुग्णाला विचारायचं. बायकोला नाही, भावाला नाही, त्या माणसाला. त्याला बोलता येत नसेल तरी 'हो-नाही' सांगता येतं.

पण पैशापेक्षा जास्त उपयोगी पडली ती सावड. आपल्याकडे आवणीला आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या अशी माणसं जातात. घाटावरची मंडळी अशाच रीतीला इर्जिक म्हणतात. तीच रीत खाटेपाशी आणायची. कोण किती पैसे देणार याच्या यादीऐवजी कोण कुठल्या वारी किती वेळ बसणार याची यादी. सकाळी नऊ ते अकरा एकजण बसला की वहिनी शेतावर किंवा बाजाराला जाऊन येतात. आठवड्यातून दोन रात्री कोणी झोपायला आलं की त्यांना सलग झोप मिळते, कारण एरवी दर दोन तासांनी कूस बदलायला उठावं लागतं. मुलाला अभ्यासाला एका घरी नेलं की तेवढा वेळ तो नुसता मुलगा असतो, सेवेकरी नसतो. यादीतली माणसं गळतात, हे आधीच धरून चाला. आमची चौदा जणांची यादी भाताच्या कापणीपर्यंत सहावर आली होती. मग वेळ कमी केली, एक तास, आणि तीन जण परत आले.

बसायला जाणाऱ्यांसाठी दोनच नियम कडक ठेवलेत. फिजिओथेरपिस्टने दाखवल्याशिवाय काखेत हात घालून उचलायचं नाही, त्याने खांदा निखळू शकतो. आणि माया म्हणून खायला घालायचं नाही. पातळ चहाचा घोटसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतो. घास कोणी, किती घट्ट, कसं बसवून द्यायचा हे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलेलं असतं. बाकी काय, पेपर वाचून दाखवा, क्रिकेट लावा, गावातली भांडणं सांगा.

आता आपल्या शिक्षकांच्या खास कामाकडे येते. बोलणं गेल्यावर माणसाला अक्षरं लागतात, आणि अक्षरं हा आपला धंदा आहे. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी हाच आजार असल्याचं सांगितलं गेलं. २०१८ मध्ये, छहात्तराव्या वर्षी ते गेले. इतकं दीर्घ आयुष्य अगदी विरळा. २००१ च्या जानेवारीत ते मुंबईला टीआयएफआरच्या परिषदेला आले होते आणि आपला एकोणसाठावा वाढदिवस त्यांनी मुंबईतच साजरा केला. त्यांचा संगणकातून येणारा आवाज सगळ्यांना माहीत आहे. पण १९८५ मध्ये घशाच्या शस्त्रक्रियेने वाचा गेल्यावर सुरुवातीला त्यांच्यापाशी होता तो एक अक्षरांचा तक्ता. समोरचा अक्षरावर बोट ठेवायचा, आणि बरोबर अक्षर आलं की हॉकिंग भुवई उचलायचे.

इंग्रजी अक्षरांना तसा क्रम नाही. आपली वर्णमाला मात्र आधीच ओळींत लावलेली आहे. तक्ता असा करा: पहिली ओळ स्वरांची, दुसरी क-ख-ग-घ, तिसरी च-छ-ज-झ, मग ट, त आणि प यांच्या ओळी अनुनासिकांसह, मग य-र-ल-व, मग श-ष-स-ह-ळ. शेवटची ओळ काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि अनुस्वाराची. विचारणाऱ्याने आधी फक्त ओळ विचारायची. "दुसरी? तिसरी? चौथी?" डोळे वर गेले की ओळ ठरली. मग त्या ओळीतलं अक्षर. मग काना-मात्रा हवी का. ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह धरू नका, इथे शुद्धलेखनाचे गुण नाहीत. आलेलं अक्षर वहीत लिहून त्यांना दाखवायचं, आणि शब्द अर्धा कळला तरी आपल्या मनाने पूर्ण करायचा नाही, विचारायचं. लोक घाई करतात. मीही केली. दादांनी 'प' आणि 'अनुस्वार' दिल्यावर मी आनंदाने "पंढरपूर?" म्हणाले. त्यांना पंखा बंद करून हवा होता.

ज्यांचा आवाज अजून शाबूत आहे त्यांच्या घरी आजच सांगा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मुलांच्या हाका, शिव्यासुद्धा. पुढे याच आवाजातले तुकडे वाजवून दाखवता येतात, आणि मुलाला बापाचा आवाज विसरावा लागत नाही. आम्ही हे केलं नाही, कारण आम्हाला कळलं तेव्हा आवाज गेला होता.

तक्ता साध्या कार्डशीटवर, तीन बोटं उंचीच्या अक्षरांत लिहा आणि लॅमिनेट करून घ्या. एक प्रत खाटेसमोर, एक खुर्चीच्या मागे, एक दवाखान्याच्या पिशवीत. खाली रोजचे शब्द चौकटीत लिहा: पाणी, लाळ, खाज, कूस, शी, शू, गरम, डास, थांबा, सगळे बाहेर जा. हा शेवटचा शब्द बहुतेक जण विसरतात, तो ठेवाच. आणि चार चौकटी रिकाम्या सोडा. त्यांत काय लिहायचं ते त्यांना विचारा. आमच्या दादांनी पहिल्या चौकटीत टेम्पोचा नंबर लिहून घेतला. तो आता भाऊ चालवतो, आणि रोज संध्याकाळी डोळे त्या चौकटीकडे गेले की आजचा धंदा किती झाला ते त्यांना सांगायचं असतं.